चौऱ्याऐंशी टक्के

भाऊ गेला त्याला बावीस दिवस झाले होते. त्या सोमवारी आकडेबाई नेहमीसारखी साडेनऊला ऑफिसात आली, पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली, चष्मा पुसला आणि कॉम्प्युटर सुरू केला. शेजारच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या आणि पुन्हा खाली गेल्या. काय बोलणार बिचारे! सांत्वनाचे जे दोन-चार शब्द माणसाजवळ असतात ते पहिल्या आठवड्यातच वापरून झाले होते.

तिला स्वतःला काहीच वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता, भूकही लागत नव्हती. एक वाजला की डबा उघडायची, खायची, घासून ठेवायची. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला हात लावावा तर तो दुसऱ्याचाच गाल वाटतो ना, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. आपण दगड झालो की काय, असं एकदा जिना चढताना तिच्या मनात आलं. तेवढ्यात जिना संपला.

आता आकडेबाई हे काही तिचं नाव नव्हे. तोंडावर सगळे मॅडम म्हणत, पाठ वळली की आकडेबाई. वीजखात्याच्या नियोजन विभागात ती गेली वीस वर्षं बसत होती. मोठमोठे मनोरे आणि त्यांच्यावरून जाणाऱ्या जाड तारा आपण रस्त्याने जाताना बघतो. त्या कुठे उभ्या राहायच्या, कुठे नाही, सरकारने कोणत्या लाइनीवर पैसा घालायचा आणि कोणत्या गावाला ‘पुढे बघू’ म्हणायचं, याचा पाच वर्षांचा आराखडा तिच्या टेबलावर तयार व्हायचा. एका लाइनीला एक ओळ. दरवर्षी आराखडा उघडायचा, ओळी तपासायच्या, मीटरचे आकडे भरले की पात्र ओळी कॉम्प्युटर आपोआप हिरव्या करायचा, बाकीच्या तशाच राहायच्या. यंदाचा आराखडा शुक्रवारी बंद होणार होता.

या कामाचा एक नियम होता आणि तो नियम तिनेच लिहिलेला होता. त्याचीही गंमत आहे. सतरा वर्षांपूर्वी एका मंत्र्याने आपल्या सासुरवाडीला मोठा कारखाना येणार म्हणून साठ किलोमीटर लाइन ओढून नेली होती. कारखाना आला नाही. मनोरे उभे, तारा ताणलेल्या, आणि त्यांचा उपयोग काय तर कावळ्यांना बसायला. वर्तमानपत्रांनी सरकारची अशी काही लाज काढली की सरकारने कानाला खडा लावला. तेव्हा ही नवी नवी अधिकारी होती. हिने अर्ध्या पानाचा नियम लिहून दिला: जुनी लाइन वर्षातून निदान तीन वेगवेगळ्या दिवशी आपल्या ताकदीच्या नव्वद टक्क्यांवर गेलेली दिसली पाहिजे, तीही सरकारी मीटरवर. तरच तिच्या जोडीला दुसरी लाइन मिळेल. मंत्र्याची चिठ्ठी नको, आमदाराचा फोन नको. आधी लोड दाखवा, मग लाइन मागा.

नियम चांगला होता हो. हे मुद्दाम सांगून ठेवायला हवं, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल, सरकारी खात्यात सगळीच गाढवं भरलेली असतात. त्या नियमामुळे किती सासुरवाड्या विजेवाचून परत गेल्या, किती पैसा वाचला. साहेबांनी तेव्हा तिची पाठ थोपटली होती. घोडं अडलं ते एकशे अठराव्या ओळीपाशी.

एकशे अठरावी ओळ म्हणजे तिच्या माहेरच्या गावाला जाणारी लाइन. एकुलती एक, साठ वर्षांची म्हातारी. चाळीस हजार वस्ती, एक हॉस्पिटल, लाकडाच्या वखारी, पिठाच्या गिरण्या, एक शीतगृह, सगळ्यांचा जीव त्या एका लाइनीवर. ती बिघडली तर दुसरी नाही. दुरुस्तीला बंद करायची म्हटलं तर हॉस्पिटलवाले तीस-चाळीस मिनिटांच्या वर कबूल होत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. दुसरी लाइन पाहिजे, हे त्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण दरवर्षी मीटरचा आकडा यायचा: सर्वांत जास्त लोड, चौऱ्याऐंशी टक्के. नव्वद नाही, अठ्ठ्याऐंशी नाही, चौऱ्याऐंशी. आकडेबाई आपल्या हाताने शेऱ्याच्या रकान्यात लिहायची, ‘पुढील कालावधीत विचार व्हावा’. दुसऱ्या वर्षी ये रे माझ्या मागल्या. असं अकरा वर्षं चाललं होतं.

आकडा चौऱ्याऐंशीवर का अडतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तो अडवणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

त्याला लहानपणापासून सगळे भुंगा म्हणत, कारण हा कुठलंही काम करताना तोंड मिटून गुणगुणायचा. पुढे तो गावच्या सबस्टेशनमध्ये ऑपरेटर झाला, जिथे ट्रान्सफॉर्मर चोवीस तास गुणगुणत असतात, तेव्हा आई म्हणाली होती, याला शेवटी जोडीदार मिळाले. सोळा वर्षं तो त्या खोलीत बसला. समोर काट्याचं मीटर, बाजूला फोन. ज्याच्या हाताखाली शिकला त्या म्हाताऱ्या ऑपरेटरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पंच्याऐंशीच्या वर काटा गेला की ही म्हातारी खोकायला लागते. जाऊ द्यायचा नाही.” बास. याने तो शब्द जन्मभर पाळला. संध्याकाळी साडेसहाला लोड चढायला लागायचा. काटा ऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी. चौऱ्याऐंशीला टेकला की हा एक भाग पंधरा मिनिटं बंद करायचा, मग तो सुरू करून दुसरा. आज वखारींचा, उद्या कॉलनीचा. हॉस्पिटलचा कधीच नाही.

आणि नुसता बंद करायचा नाही बरं का. आधी फोन! “मावशी, दळण आटपा, सव्वासातला जाते.” “मास्तर, मुलांना आत्ताच वाचून घेऊ द्या.” वखारवाल्याला तर तो चहा पिऊन यायला सांगायचा. गावाला त्याची इतकी सवय झाली होती की लोक त्याच्या कपातीवर घड्याळ लावत. सोळा वर्षांत लाइन एकदाही आपण होऊन बंद पडली नाही. मुख्य कंट्रोल रूमला हे सगळं माहीत होतं आणि सगळ्यांचं तोंड बंद होतं, कारण लेखी हुकूम कुणीच दिलेला नव्हता. द्यायला गेलं तर कागद होतो, कागद झाला की उत्तर द्यावं लागतं.

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. आकडेबाईच्या ऑफिसात मात्र राहायचं. भुंगा रोज संध्याकाळी गावाची भूक पंधरा-पंधरा मिनिटांनी वाटून टाकायचा, आणि इकडे मीटर सांगायचं, या गावाला भूकच नाही.

तिने एकदा टिपण लिहून पाहिलं होतं, की जिथे लोड कापला जातो तिथे कापलेला लोडही धरावा. साहेबांनी टिपण परत पाठवलं. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, “कापलेला मोजायचा कशाने?” प्रश्न चुकीचा नव्हता. तिने टिपण फाइलला लावून टाकलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी भुंग्याचा फोन आला.

“ताई, मला एक सुचलंय. ऐन उन्हाळ्यात मी आठ दिवस सुट्टी टाकतो. बदली माणूस येईल, तो काही माझ्यासारखे फोन करत बसणार नाही. काटा जाईल पंच्याण्णवला. तुझे तीन दिवस भरले की मी परत. कशी आहे आयडिया?”

“अजिबात नाही,” ती म्हणाली.

“अगं, यात खोटं काय आहे? उलट आत्ताचा आकडाच खोटा आहे. चौऱ्याऐंशी हा काही गावाचा लोड नाही, तो माझा लोड आहे.”

“भुंग्या, म्हातारी लाइन आहे ती. हॉस्पिटल आहे तिच्यावर. कुणाचं ऑपरेशन चालू असताना गेली म्हणजे? आणि उद्या लोक म्हणतील, भावाने काटा वर नेला आणि बहिणीने लाइन मंजूर केली. मी लिहिलेला नियम आहे तो. मीच वाकवू?”

तो थोडा वेळ गुणगुणला. मग हसला.

“बरं बाई. तू म्हणशील तसं. आपण आपले नाकासमोर चालणारे.”

सुट्टी त्याने टाकली नाही. तो विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही, आणि हे बोलणं तिसऱ्या कुणाला कळलंही नाही.

आणि मग बावीस दिवसांपूर्वी सबस्टेशनच्या आवारात, लाइन जिथे येऊन टेकते त्या खांबावरचा चिनी मातीचा एक इन्सुलेटर तडकला. बदलायला हवा होता. हॉस्पिटलने चाळीस मिनिटं दिली. तारतंत्री, म्हणजे खांबावर चढणारा लाइनमन, आजारी होता, म्हणून भुंगा स्वतः वर चढला. पस्तिसाव्या मिनिटाला काम संपलं. उतरायच्या घाईत त्याने पट्ट्याचा हूक सोडला आणि खालच्या पायरीला लावायचा राहिला. नऊ मीटरवरून खाली. जोडीला दुसरी लाइन असती तर ही दिवसभर बंद ठेवता आली असती, आणि मधे खाली उतरून चहासुद्धा पिता आला असता. चौकशी समितीच्या कागदावर एवढंच होतं: ‘हूक न लावणे. कर्मचाऱ्याची चूक असण्याची शक्यता.’

तर त्या सोमवारी, अकराच्या सुमाराला, भावजय ऑफिसात आली. न कळवता. बसने चार तास प्रवास करून, हातात कापडी पिशवी घेऊन ती दारात उभी राहिली, तेव्हा आकडेबाईला आधी ती कुणी अर्जदारच वाटली.

“ताई, बसू ना?”

“अगं, बस की. विचारतेस काय? पाणी घे.”

भावजय पाणी प्यायली, तिने ग्लास नीट जागेवर ठेवला आणि पिशवीतून एक जाडजूड वही काढली. निळा पुठ्ठा, कडा तेलकट झालेल्या.

“ही त्यांच्या कपाटात सापडली. अशा पंधरा आणखी आहेत घरी, ही शेवटची. मला त्यातलं काही कळत नाही. पण ते म्हणायचे, आपल्या गावची लाइन या वहीत आहे. मी थट्टेने म्हणायचे, मग काढा की बाहेर.”

आकडेबाईने वही उघडली. भुंग्याचं अक्षर. तारीख, वेळ, कोणता भाग बंद केला, किती लोड कापला, किती मिनिटं, आणि शेवटी कुणाला फोन केला. ‘गिरणीवाल्या मावशी, दळण अर्धं राहिलं, रागावल्या.’ पानामागून पान. एका दिवसाचा एका वेळी कापलेला सर्वांत मोठा आकडा तिने घेतला आणि तिथल्या तिथे चौऱ्याऐंशीत मिळवला. एकशे सात. दुसरा दिवस घेतला. एकशे अकरा. कापलेला लोड मोजायचा कशाने, म्हणे! हा बसून मोजत होता, सोळा वर्षं.

भाऊ गेला, त्याचं अक्षर समोर आहे, आता तरी डोळ्यांत पाणी येईल, म्हणून ती जराशी थांबली. आलं नाही.

“हल्ली दिवे फार जातात हो तिकडे,” भावजय पिशवीची घडी घालत म्हणाली. “न सांगता. परवा हॉस्पिटलसुद्धा दहा मिनिटं अंधारात होतं. नवीन माणूस आहे, त्याला काय माहीत कुणाचं दळण राहिलंय.”

“हं,” आकडेबाई म्हणाली. तिचं लक्ष वहीत होतं.

भावजयीला खालच्या कँटीनमध्ये बसवून ती वही घेऊन साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने वही शांतपणे चाळली, दोन ठिकाणी थांबून वाचली, आणि मिटून तिच्यासमोर सरकवली.

“मॅडम, दोन गोष्टी. पहिली तुम्हाला माहीतच आहे. मीटरात नाही ते नाही. ही खासगी वही आहे.”

“नियमात अपवादाचं कलम आहे, साहेब. आपण वरती शिफारस करू शकतो. सोळा वर्षांच्या नोंदी आहेत.”

“करू शकतो. मी सहीसुद्धा करीन. पण दुसरी गोष्ट ऐका.” त्याने आवाज खाली आणला. “ही वही फाइलला लागली की चौकशी समितीपुढे जाणार. त्यांना यात लाइन दिसणार नाही, सोळा वर्षं लेखी हुकुमाशिवाय केलेली कपात दिसेल. म्हणतील, हा माणूस नियम मोडणाराच होता, हूकही त्यानेच लावला नाही. तुमच्या भावजयीला त्याच्या जागी नोकरी मिळायची आहे ना? ती विसरा मग. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू द्या. शुक्रवारपर्यंत विचार करून सांगा.”

झालं! एकीकडे गाव, एकीकडे धाकट्या बहिणीसारखी सांभाळलेली भावजय आणि मेलेल्या भावाचं नाव. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. दुसऱ्या कुणाची झोप उडाली असती. आकडेबाई खाली गेली आणि हिशेब समजावून सांगावा तसं तिने भावजयीला सगळं सांगितलं: वही दिली तर कदाचित लाइन, पण नोकरी नाही आणि त्याच्या नावाला बट्टा. नाही दिली तर नोकरी, पण लाइन पुन्हा पुढच्या वर्षावर.

भावजयीने टेबलावरचा चहाचा गोल डाग पदराने पुसला.

“आता त्या खांबावर दुसरं कुणीतरी चढणार,” ती म्हणाली. “त्यालाही चाळीसच मिनिटं देतील ना?”

“हो.”

“मग द्या वही. मी शिवण घेईन. आधीही घेतच होते की.” ती उठली. “नाव काय, ताई, गावाला माहीत आहे ते काय होते ते.”

तिला बसमध्ये बसवून आकडेबाई परत आली आणि वही खणात ठेवून तिने खण लावला. मंगळवार गेला, बुधवार गेला. शिफारशीचा कागद तिने लिहिला, चार परिच्छेद, एकही शब्द कमी-जास्त नाही. आपल्याच भावाबद्दल ‘सदर कर्मचारी’ लिहिताना तिचा हात अडला नाही, आणि हात का अडला नाही याचंही तिला नवल वाटलं नाही. गुरुवारी संध्याकाळी सगळ्या सबस्टेशनांचे महिन्याचे आकडे आपोआप कॉम्प्युटरात भरले गेले. ते दर महिन्यालाच होतं.

शुक्रवारी सकाळी तिने आराखडा उघडला. वही टेबलावर, शिफारस टेबलावर, सहीला पेन. एकशे अठराव्या ओळीपाशी आली आणि थांबली.

ओळ हिरवी होती.

आधी तिला वाटलं, आपण चुकून रंग भरला. मग वाटलं, चूक मशीनची असेल. तिने आकडा उघडला. शहाण्णव टक्के. अठ्ठ्याण्णव टक्के. एकशे एक टक्के, आणि तिन्हींपुढे खूण: लाइन बंद पडली. तीन वेगवेगळे दिवस. तिने तारखा वाचल्या. भाऊ गेल्यानंतरचा पाचवा दिवस, बारावा दिवस, एकोणिसावा दिवस.

तिने सबस्टेशनला फोन लावला. तो नंबर तिला पाठ होता. सोळा वर्षं तो लावला की पलीकडून “बोल ताई” असं यायचं, कारण भुंग्याने तिचा नंबर भिंतीवर लिहून ठेवला होता आणि फोनवर तो दिसला की ओळखायचा.

“सबस्टेशन,” नवा ऑपरेटर म्हणाला.

तिने पदाचं नाव सांगितलं आणि या महिन्यात लोड इतका वर कसा गेला ते विचारलं.

“मॅडम, मी काही केलेलं नाही!” माणूस घाबरला. “मी अगदी नियमाने चालवतो. लोड चढतो, मी नोंद करतो. जास्त झाला की लाइन आपोआप बंद पडते, मग दहा-पंधरा मिनिटांनी सुरू करतो. आधीचे ऑपरेटर म्हणे मधेमधे कापत होते. पण मला तसा लेखी हुकूम नाही. हुकूम दिलात तर कापीन.”

“नाही,” ती म्हणाली. “तुमचं बरोबर आहे.”

“लोक शिव्या देतात, मॅडम. एक मावशी रोज फोन करून विचारतात, आज किती वाजता जाणार? मला काय माहीत किती वाजता जाणार!”

तिने फोन ठेवला. समोर ओळ हिरवीगार. ना शिफारस लागली, ना वही. नियमात बसली होती, तिच्याच नियमात, काना-मात्रेचा फरक न करता. अकरा वर्षांचं भिजत घोंगडं एकोणीस दिवसांत वाळलं होतं. त्यासाठी लागलं काय? भुंगा खुर्चीवर नसणं. एवढंच कमी पडत होतं.

अकराच्या बैठकीत साहेबांनी यादी वाचली. एकशे अठराला आले तेव्हा चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“अरे वा! बसली की नियमात. मॅडम, अभिनंदन. वही आता फाइलला लावायची गरज नाही, सुटलात तुम्ही.” मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने पुढची ओळ वाचली.

शेऱ्याच्या रकान्यात तिला काहीतरी लिहायचं होतं. अकरा वर्षं ‘पुढील कालावधीत’ लिहिलेली जागा ती. तिने लिहिलं, ‘निकष पूर्ण. मंजुरीस पात्र.’ सही केली, तारीख घातली. शिफारशीचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला. बाकीच्या ओळी पाच वाजेपर्यंत संपवल्या, त्यातही एक चूक केली नाही.

घरी पोचल्यावर सातच्या सुमाराला तिने भावजयीला फोन केला.

“लाइन मंजूर झाली.”

पलीकडून भावजय म्हणाली, “खरंच? आमच्या गावची?”

“हो. दोन वर्षांत उभी राहील.”

“वही चालली म्हणायची.”

“वही लागलीच नाही. मी परत आणून देते तुला. नोकरीचंही काही अडणार नाही.”

“अगंबाई! मग कशी काय झाली?”

काहीतरी गुळगुळीत सांगता आलं असतं, वीस वर्षं सरकारी भाषा लिहिलेल्या बाईला काय कठीण होतं. पण तिने सरळ सांगितलं. काटा नव्वदच्या वर जायला हवा होता. तो जाऊ देत नव्हता. आता तो नाही, म्हणून गेला. तीनदा.

भावजय ऐकत होती. मधेच पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू होता तो बंद पडला, आणि सगळंच शांत झालं.

“गेले बघा दिवे,” भावजय म्हणाली. “थांबा हं, पंधरा मिनिटांत येतील—” आणि तिथेच थांबली. काडी ओढल्याचा आवाज आला, मग दुसरी काडी.

“ताई, एक विचारू? म्हणजे ते रोज संध्याकाळी जे करत होते, ते केलंच नसतं, तर ही लाइन आधीच आली असती?”

“हो.”

“किती आधी?”

“अकरा वर्षं.”

आकडेबाईच्या छातीत काहीतरी दुखायला लागलं होतं. बारीक, एका जागी, इंजेक्शन उतरायला लागलं की दुखतं तसं. तिने भिंतीला हात टेकला.

“बरं झालं बाई,” भावजय हळूच म्हणाली. “बरं झालं, त्यांना हे कधी कळलं नाही. कळलं असतं ना, तर जीव तुटला असता त्यांचा. बरं झालं ना, ताई?”

त्याला कळलं होतं. तीन वर्षांपूर्वी, एका रविवारी. आठ दिवसांची सुट्टी मागत होता, फक्त आठ दिवसांची. ओठांपर्यंत आलं होतं तिच्या, सगळं, एका दमात.

“ताई? ऐकताय ना?”

“हो,” आकडेबाई म्हणाली. “बरं झालं.”